मोसमाची जीभ

किमया झोरेच्या जिभेने मी पहिल्यांदा चहा प्यायले, तो दिवस मला तारखेसकट आठवतो. त्या सकाळी मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, आणि संध्याकाळी ती ढाल मी कपाटात, कपड्यांच्या मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवली.

आधी ओळख सांगते, म्हणजे गोंधळ नको. मी शर्वी देसाई, इयत्ता दहावी, मुक्काम धुपेवाडी, तालुका चंदगड. आमचं गाव घाटाच्या अगदी काठावर आहे. माझ्या जन्माच्या आधी इथे काजू होता. मग उन्हाळे असे तापायला लागले की मोहोर झाडावरच जळायचा, आणि कुणीतरी ईशान्येकडून जांभळ्या पानांच्या चहाची रोपं आणली. याची कोवळी पानं वांग्याच्या सालीच्या रंगाची असतात. तो रंग म्हणजे झाडाची छत्री. वांगं, जांभूळ, कोकम यांना ज्या अँथोसायनिनमुळे रंग येतो तेच या पानात असतं, आणि कडक ऊन पानाला जाळायच्या आधी ते अडवतं. ऊन जितकं जास्त तितकं पान जांभळं. बाकीचे मळे उन्हाला शिव्या देत होते तेव्हा आमचे मळे गडद होत होते.

पण रंगाबरोबर तुरटपणाही येतो, आणि वास मात्र कमी. हा नाकाचा चहा नाही, जिभेचा आहे. कपात तो राखाडी-जांभळा, अगदी फिकट दिसतो. लिंबाचा थेंब पडला की गुलाबी होतो. पहिल्यांदा पिणारा पाहुणा विचारतो, “यात आहे काय?” काय आहे ते सांगायला चाखणारं माणूस लागतं, आणि आमच्या सोसायटीच्या चाखणीघरात ते माणूस म्हणजे माझी वृंदाआत्या.

गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात तोंड उघडत नसे. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. मुलं मला ‘देसायांची मुकी’ म्हणायची. मग आत्याने एकदा मला चाखणीघरात नेलं, बारा पांढऱ्या वाट्या मांडल्या आणि म्हणाली, “जे वाटेल ते बोल. चुकलं तर चहाच चुकला म्हणू.”

मी चमचाभर चहा फुर्र करून ओढला, तोंडभर फिरवला, तस्तात थुंकला आणि म्हणाले, “यात पावसात भिजलेल्या दप्तराचा पट्टा आहे.”

आत्याने ते लिहून घेतलं. माझं म्हणणं कुणी लिहून घ्यावं असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. दुसऱ्या वाटीला मी म्हणाले, “हा आधी रागावतो, मग सॉरी म्हणतो.” तेव्हापासून जी बोलत सुटले ती अजून थांबलेली नाही. वक्तृत्व, नाटक, शाळेचा परिपाठ, सगळीकडे मी. आईला पाहुणे आले की भीती वाटायला लागली.

तर, पट्टी. टाळूला चिकटवायचं, साबुदाण्याच्या पापडीपेक्षाही पातळ असं पारदर्शक जाळं. चव लागली की जिभेवरच्या रसकलिका मज्जातंतूंतून बारीक विजेचे ठोके पाठवतात. पट्टी ते ठोके टिपते. दुसऱ्याच्या तोंडातली पट्टी तेच ठोके त्याच्या जिभेला देते, आणि त्याला पहिल्याची चव लागते. शोध मूळचा दवाखान्यातला. कॅन्सरच्या उपचारात ज्यांची चव गेली त्यांना आपल्या माणसाच्या जिभेने दोन घास जेवता यावेत म्हणून. मग शाळेत एका आइस्क्रीमवर सहा-सहा पोरं भागवायला लागली आणि शाळांनी पट्टीवर बंदी घातली. पट्टीतून वास जात नाही. वास ज्याच्या त्याच्या नाकाचा. म्हणूनच आमच्या कमी वासाच्या चहाला ती चपखल बसली. आता टोकियोचा किंवा नैरोबीचा खरेदीदार चहा मागवायच्या आधी त्या चहाची पट्टीने मुद्रित केलेली चव मागवतो. एका माणसाने तो चहा प्यायलेला असतो आणि जगभरचे लोक त्याच्या जिभेने तो पितात. दर वर्षी असं एकच माणूस निवडतात. त्याला म्हणतात मोसमाची जीभ.

सहा मोसम ती आत्याची होती. पण वयाबरोबर रसकलिका कमी होतात. गेल्या वर्षी खरेदीदार म्हणाले, चव जरा बोथट झालीये. आत्याने स्वतःच सांगितलं, आता कोवळी जीभ घ्या. शिकायला दोघी होतो, मी आणि किमया. ती माझ्याच वर्गातली. तिची आई, सुजातामावशी, वरच्या ताटीवर, म्हणजे मळ्याच्या सगळ्यात उंच टप्प्यावर, पानं तोडते आणि तोडणाऱ्या बायांची म्होरकी आहे.

मोसमाची जीभ मीच होणार, यात मला शंका नव्हती. किमया प्रत्येक वाटीला एकच शब्द बोलायची.

“कडू.”

“आणखी?” आत्या विचारायची.

“लई कडू.”

म्हणून आत्याने सरावाची पद्धत बदलली. “किमयाने चाखायचं. शर्वीने पट्टीतून ऐकायचं आणि बोलायचं. तुझं ऐकून तिला शब्द सापडतील.”

म्हणजे मी तिची मास्तरीण. मी पट्टी लावली, पट्टी चालवायची बटणांची डबी खिशात होती, तिच्यावर ‘ऐकणं’ सुरू केलं आणि ऐटीत बसले. किमयाने चमचा ओठांना लावला.

माझ्या जिभेवर कुणीतरी घरातले सगळे दिवे एकदम लावले. मी ज्याला इतके दिवस ‘तुरट’ म्हणत होते तिथे चार निरनिराळे तुरटपणे रांगेत उभे होते. एक कच्च्या पेरूच्या सालीचा, एक आवळ्याच्या बीजवळचा, एक जांभळाने जीभ खरखरीत होते तसा, आणि चौथ्याला माझ्याकडे नावच नव्हतं. त्यांच्या मधून कडूपणा चालत येत होता, उंच, सरळ, आणि तो गेल्यावर बराच वेळ त्याची पावलं ऐकू येत होती. मी वर्षभर ज्या घराचं वर्णन करून टाळ्या घेतल्या त्याच्या फाटकातून आत कधी गेलेच नव्हते.

“बोल की,” आत्या म्हणाली.

मी बोलले. शब्द माझे होते, ते काही अडले नाहीत. आत्या लिहायची थांबली आणि किमयाकडे बघायला लागली. माझ्याकडे नाही.

“किमये, हे सगळं लागतं तुला?”

“लागत असंल,” किमया म्हणाली. “मला कडू लागलं.”

दुसऱ्या दिवशी मी जीवशास्त्राच्या बाईंना गळ घातली आणि आम्ही जिभेचा प्रयोग केला. जिभेवर खायचा निळा रंग लावायचा, वहीच्या भोकाला चिकटवतात ती कागदी चकती ठेवायची आणि भिंगातून चकतीच्या आतले गुलाबी उंचवटे मोजायचे. माझे एकोणीस निघाले. किमयाचे एकेचाळीस. मी तीनदा मोजले. बाई म्हणाल्या, अशी माणसं थोडी असतात, त्यांना कडू तर फारच तीव्र लागतं, ती बरेचदा जन्मतःच तशी असतात, सराव करून तसं होता येत नाही.

दिवसभर निळ्या जिभेने फिरताना मी तेच वाक्य चघळत होते. सराव करून होता येत नाही. गणितात मागे पडले तर क्लास लावता येतो. हिच्या तोंडात जे आहे त्याचा क्लास नाही. आणि त्या बयेला त्याचं काहीच नव्हतं. डब्यात रोज दहीभात. मेथी नको, कारलं नको, मिरची तर नकोच. वर्गातली पोरं तिला ‘बाळभात’ म्हणायची आणि ती खाली मान घालून खात राहायची. एवढं वैभव आणि त्यात दहीभात.

मीही मिरची सोडली. गरम सोडलं. आईने विचारलं, आजारी आहेस का. जीभ काही वाढली नाही.

सगळ्यात जास्त मला काय लागलं सांगू? चाखणीघरात आत्या किमयाचा चहा फुंकर मारून निववायची, जीभ भाजू नये म्हणून. मला तिने कधी फुंकून दिला नव्हता. माझी भाजली असती तर कुणाचं काही जाणार नव्हतं.

निवडीच्या दिवशी खरेदीदार संघातर्फे अग्निहोत्री म्हणून एक गृहस्थ आले. सोसायटीचे चेअरमन, आत्या, आम्ही दोघी, आणि दाराशी सुजातामावशी. आमच्याकडे रीत अशी की ज्या बाईने पान तोडलं तिचा पहिला शब्द. ती चाखून काहीतरी बोलते आणि मगच बाकीच्यांनी तोंड उघडायचं. आम्हा दोघींना पट्टी लावायची होती, पण फक्त ‘पाठवणं’ चालू ठेवून, म्हणजे आमच्या जिभांचे ठोके टिपून कोल्हापूरच्या प्रयोगशाळेकडे जातील. प्रयोगशाळेने पक्षपात करू नये म्हणून चिठ्ठ्यांतून आम्ही आकडे उचलले. कुणाला कुठला आकडा आला ते आमचं आम्हालाच माहीत. माझा अकरा.

‘ऐकणं’ बंद करायचं होतं. डबी माझ्या खिशात होती, बोट बटणावर होतं. मी ते दाबलं नाही. मनात एवढंच आलं, ज्याला नावच नाही तो चौथा तुरट मला आज हवाय, सगळ्यांसमोर.

पहिल्या वाटीला मावशी म्हणाल्या, “ह्यात सकाळ हाय.” मग मी बोलले. आम्ही दोघी एकदमच चाखत होतो, त्यामुळे माझ्या तोंडात माझा चहा होता आणि त्याच्या वर किमयाचा, जसं पुसट अक्षरावर कुणी शाईने गिरवावं. अग्निहोत्रींनी मान डोलावली. दुसऱ्या वाटीला त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी हवेत होते.

तिसऱ्या वाटीला मावशी म्हणाल्या, “ओला दगड.”

मी म्हणाले, “ओला दगड आहेच. त्यावर आवळा, मग पेरूची साल. आणि शेवटी डाव्या कडेला, मागे, एक झिणझिण येते. तिरफळासारखी. तिथे जीभ जराशी बधिर होते.”

आत्याने पेन उचललं आणि खाली ठेवलं. अग्निहोत्रींनी पुन्हा एक चमचा ओढला, डोळे मिटले.

“वा,” ते म्हणाले. “आहे खरी. अगदी शेवटी येते.”

“मला आधीच शंका आली होती,” चेअरमन म्हणाले. “पण म्हटलं पोरींना बोलू दे.”

“तिरफळ?” दारातून सुजातामावशी म्हणाल्या. “वरच्या ताटीला? माझ्या झुडपांना तिरफळं कवापासनं लागाय लागली?”

सगळे हसले. किमया हसली नाही. तिने डाव्या गालाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “कडू. आणि तिरफळ चहात नाही.”

“प्रत्येकाची जीभ वेगळी असते, बाळ,” अग्निहोत्री मायेने म्हणाले, आणि माझं नाव लिहून घेतलं.

मागच्या नळावर किमयाने मला गाठलं. तोंडात बोट घालून तिने काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे हात धरला. तळव्यावर चघळलेलं तिरफळ होतं.

“घे. तुझंच आहे.”

“तोंडात काही ठेवायचं नाही असं सांगितलं होतं ना?” मी म्हणाले. खरंच, मी हेच म्हणाले.

“दाढ दोन दिवस ठणकतीय. गरम चहाने कळ आली, म्हणून दुसऱ्या वाटीनंतर धरलं. आधी सांगितलं असतं तर मला बसू दिलं नसतं. आईने किती दिवस वाट बघितलीय याची.”

“मग सांग जाऊन आत्याला.”

“आणि मला विचारलं की तुझ्या तोंडात काय होतं, तर?”

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. “म्हणजे आपण दोघी सारख्याच.”

“सारख्या कशा?” किमया म्हणाली. “मी माझ्या तोंडात घातलं.”

नळ चालू होता. तिने चूळ भरली, हात फ्रॉकला पुसले आणि गेली.

पुढचा आठवडा मी गावाची लाडकी होते. शाळेत माझ्यासाठी टाळ्या झाल्या. अग्निहोत्रींनी फोनवरून कळवलं की ‘तिरफळाची झिणझिण’ ऐकून तीन खरेदीदारांनी वरच्या ताटीचा सगळा चहा मागितलाय, मुद्रण झालं की लगेच पाठवा. वाण्याच्या दुकानात बसणारे आजोबा मला थांबवून म्हणाले, “आम्हाला तर लहानपणापासून लागते ती झिणझिण.” त्यांच्या लहानपणी इथे चहाच नव्हता. मी हसून पुढे गेले. मला, जी कुठेही बोलते, तिला त्या आठवड्यात शब्द पुरवून वापरावे लागत होते.

वरची ताटी म्हणजे कड्यालगतचा उभा उतार. एरवी तिथे पंधरा दिवसांतून एकदा तोडणी व्हायची. आता चेअरमननी रोज सांगितली. वर्गाच्या खिडकीतून मला रोज ती ओळ दिसायची, सुजातामावशी आणि चार बाया, पाठीला टोपल्या, एका हाताने झुडूप धरून दुसऱ्याने दोन पानं आणि कळी खुडणाऱ्या. तिथे नसलेली चव त्या शोधत होत्या. माझ्या शेजारच्या बाकावर किमया गालाला रुमाल लावून बसलेली असायची. आम्ही बोलत नव्हतो. आणि तरीही, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते, रुमालाआडच्या त्या जिभेचा मला तेवढाच हेवा वाटत होता.

शनिवारी आत्याने बोलावलं. सोमवारी माझं मुद्रण होतं. टेबलावर कोल्हापूरहून आलेले चवीच्या आलेखांचे दोन कागद होते, वर नावाऐवजी नुसते आकडे. सातच्या कागदावर डोंगरच डोंगर, सुळके, दऱ्या, आणि तिसऱ्या वाटीशी डाव्या बाजूचा एक काटेरी उंचवटा. अकराच्या कागदावर बेताच्या टेकड्या, गुळगुळीत, मध्ये लांब लांब मोकळी जागा.

“यातला तुझा कुठला?” आत्याने विचारलं.

अकरा माझा आहे हे मला माहीत होतं. पण सात इतका सुंदर होता. असं काही माझ्या नावावर असतं तर, हा विचार मनात पुरता यायच्या आत माझं बोट सातवर जाऊन बसलं होतं.

“बरं,” आत्या म्हणाली. तिने चष्मा पुसला. “मग एक कर. सातमध्ये दाढेचं काहीतरी आहे असं तिथल्या डॉक्टर म्हणतात. डावी, खालची, मागून दुसरी. चवीच्या तंतूशेजारी सूज आहे. दुर्लक्ष केलं तर तंतूलाच धक्का बसेल आणि त्या बाजूची चव कायमची जाईल. आज दुपारीच जाऊ आपण गडहिंग्लजला. दाढ बहुतेक काढावी लागेल.”

मी माझ्या धडधाकट दाढेवरून जीभ फिरवली. मग मला त्या बाजूची चव जाणं म्हणजे काय ते कळलं. चौथा तुरट त्याच बाजूला येत होता. मी गप्प बसले तर तो जगातून जाणार होता, आणि मग तो ना माझा, ना तिचा. खरं सांगते, क्षणभर, एकच क्षण, मला तेही चाललं असतं.

“आत्या, अकरा माझा.”

“हं.”

“तुला माहीत होतं?”

“तिरफळापासून संशय होता. खात्री हा कागद आल्यावर झाली.”

“मग विचारलंस कशाला?”

“तू सांगतेस का ते बघायला. किमयाच्या आईला मघाशीच फोन केलाय, त्या दोघी बसस्टॉपवर असतील.” ती उठली, पर्स घेतली. “मी जाते त्यांच्याबरोबर. सोमवारचं रद्द. खरेदीदारांना मी कळवते. चेअरमनना काय सांगायचं ते तू सांग, आणि मंगळवारी वरच्या ताटीवर जाऊन बायांनाही सांग. दिवाळीपर्यंत चाखणीघरात यायचं नाही.”

ती दारापर्यंत गेली तरी मला राहवलं नाही. “आत्या, माझा आलेख सपाटच आहे ना?”

“सपाट नाही. सौम्य आहे.”

“म्हणजे सपाट.”

“म्हणजे सौम्य,” आत्या म्हणाली आणि निघून गेली.

चेअरमन ऐकून म्हणाले, मला तर तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं होतं. वरच्या ताटीवर चढताना मात्र माझे गुडघे दोनदा फुटले. सुजातामावशींनी सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता.

“पयला शब्द आमचा म्हणता,” त्या म्हणाल्या, “मग दुसऱ्या शब्दाला एवढ्या माना कशापायी डोलवता?” बाकीच्या बाया हसल्या. मावशींनी पाठीवरची टोपली काढून माझ्या पाठीला अडकवली. “आता आलीच हाईस तर ही ओळ संपव. नखानं तोडू नको, बोटानं मोड.”

दुपारपर्यंत मी तोडत होते. बोटं जांभळी झाली ती तीन दिवस गेली नाहीत.

किमयाची दाढ वाचली, नुसती भरावी लागली. पुढच्या महिन्यात ती मोसमाची जीभ झाली. मला बातम्या आईकडून कळायच्या. आज तीस वाट्या झाल्या. आज नैरोबीहून कुणीतरी तिचं कौतुक केलं. आज आत्याने तिला घरी जेवायला नेलं. मी पोळीचा घास तोंडात घेऊन ऐकायचे आणि तो घास मला कसा लागला हे मला सांगता आलं नसतं.

एका रविवारी सकाळी ती आमच्या दारात उभी होती. ओठ कोरडे पडलेले, हातात पट्ट्यांची डबी.

“चाखणीघरात यायला मला बंदी आहे,” मी म्हणाले.

“तुमच्या स्वयंपाकघरात नाही ना?” ती आत आली, चपला काढल्या, ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. “तू पट्टी लाव. चहा कर आणि पी. मी ऐकते.”

“माझं? माझं काय ऐकायचंय? सपाट आहे.”

“टोकियोच्या एका बाईंचा निरोप आलाय. म्हणतात, एवढं सुंदर आयुष्यात चाखलं नव्हतं. मी ती वाटी कशीबशी तोंडात धरून थुंकली होती, शर्वे. डोळ्यांत पाणी आलं होतं कडूने. सुंदर कुठं होतं ते मला दिसलंच नाही.” तिने डबी ओट्यावर ठेवली. “मला एकदा बघायचंय, लोक चहा का पितात.”

मी नाही म्हणू शकत होते. माझ्याकडे काहीतरी आहे आणि ते तिला हवंय, असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि मला ती जागा लगेच सोडवेना. मी भांडं घासायला घेतलं, स्वच्छ होतं तरी. पाणी ठेवलं. उकळून जरा निवू दिलं, मग चिमूटभर पान टाकलं. पाच मिनिटं आम्ही दोघी वाफेकडे बघत बसलो. दूध नाही, साखर नाही. पट्टी टाळूला चिकटवली. तिने तिची लावली, ‘ऐकणं’ सुरू केलं आणि हात मांडीवर ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी बसतात तशी, रिकाम्या तोंडाने बसली.

मी एक घोट घेतला. मला तो रोजच्यासारखाच लागला.

किमयाच्या कपाळावरची आठी, जी मला तिच्या चेहऱ्याचाच भाग वाटायची, ती गेली.

“साखर घातलीस,” ती म्हणाली.

“तुझ्यासमोर केलाय.”

“मग गोड का लागतंय? नाही, गोड नाही. शांत आहे. मागे कुणी ओरडत नाहीये.” तिने डोळे मिटले. “मध्ये किती जागा आहे गं.”

मी दुसरा घोट घेतला. तिच्या गळ्याची हालचाल झाली, रिकामीच.

“तुला रोज असं लागतं?” तिने विचारलं. “सगळंच? मेथीसुद्धा?”

“मेथी तर मला आवडते.”

तिने ज्या नजरेने माझ्या तोंडाकडे पाहिलं ती नजर मी ओळखली. चार महिने ती माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर होती, आरशात दिसली की मी दिवा बंद करायचे. तीच, तशीच, किमया झोरेच्या चेहऱ्यावर. आणि जे मिटल्या डोळ्यांनी ती चाखत होती ते मला, माझ्याच तोंडात, कधीच दिसलं नव्हतं.

“आणखी पी ना,” ती म्हणाली.

कपात अर्धा चहा उरला होता. मी तो मुद्दाम, अगदी सावकाश प्यायले.